समानता की वेगळेपण? स्त्रीवादातल्या एका जुन्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचं छोटं वाचन मंडळ भरतं. कॉलेजातल्या मुली, निवृत्त शिक्षिका, एखाद-दुसरा नवरा 'बायकोला सोडायला आलो होतो' म्हणत मागे बसलेला. स्त्रीवादी विचारांवर बोलणं निघालं की चिठ्ठ्यांत आणि नंतर व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

१. हा वाद नेमका आहे तरी काय?

स्त्रियांना न्याय मिळावा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. तो मागायचा कशाच्या जोरावर, यावर भांडण आहे. एक बाजू म्हणते, बुद्धी आणि विवेक बाईतही तेवढाच आहे, म्हणून हक्कही तेच हवेत. इंग्लंडच्या मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली मुलींच्या शिक्षणासाठी हाच मुद्दा लावून धरला. दुसरी बाजू म्हणते, बाईचं शरीर आणि तिचा अनुभव वेगळा आहे. तो झाकून, पुरुषासारखं होऊन मिळालेला हक्क अपुराच राहणार. फ्रान्समधल्या लूस इरिगारे यांनी १९७० च्या दशकात ही बाजू फार टोकदारपणे मांडली.

पहिल्या बाजूला धास्ती, की 'वेगळी' म्हटलं की बाईला परत चुलीपाशी बसवतील. दुसऱ्या बाजूला धास्ती, की 'सारखी' म्हटलं की बाळंतिणीला आठवड्यात कामावर बोलावतील. दोन्ही धास्ती पोकळ नाहीत (प्रश्न ६, ८ आणि ९).

२. निसर्गानेच बाई आणि पुरुष वेगळे केलेत. मग समानता येणार कुठून?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. यात दोन शब्दांची गल्लत आहे. वेगळेपणाच्या उलट सारखेपणा. समानतेच्या उलट विषमता. अमेरिकी इतिहासकार जोन स्कॉट यांनी १९८८ च्या एका लेखात हीच गाठ सोडवली: 'समानता हवी की वेगळेपण' अशी निवड करायला लावणं हाच सापळा आहे.

म्हापशाच्या बाजारात नारळ नगावर, मासळी वाट्यावर आणि काजूगर किलोवर विकतात. म्हणून नारळवालीला बाजारात बसायचा हक्क कमी, असं कोणी म्हणत नाही. एक भाऊ पणजीत वकिली करतो, दुसरा सुपारी-नारळाचं कुळागर सांभाळतो. दोघांची मतं मोजताना एकेकच धरतात. निसर्गाने त्यांना सारखं केलं म्हणून नव्हे, आपण तसं ठरवलं म्हणून. समानता झाडाला लागत नाही, ती ठरवावी लागते.

३. 'स्त्री जन्मत नाही, घडते' म्हणणाऱ्या सिमोन द बोव्हार शरीर नाकारतात का?

नाही. या फ्रेंच विचारवंतांच्या १९४९ च्या ग्रंथात शरीरावर पानंच्या पानं आहेत. शरीर असतंच, पण त्याचा अर्थ शरीर स्वतः सांगत नाही, समाज सांगतो, एवढंच त्यांचं म्हणणं. पुरुष म्हणजे माणूस आणि बाई म्हणजे 'इतर' ही मांडणी त्यांना मोडायची होती.

४. हे सगळं बाहेरचं. आपल्या माणसांनी यावर काही म्हटलं आहे का?

भरपूर, आणि काही तर मराठीतच. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर ताशेरे सुरू झाले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. नावातच तुलना आहे. 'आम्ही तुमच्याइतक्याच चांगल्या' अशी विनवणी त्या करत नाहीत. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून तो पुरुषांत किती भरला आहे ते दाखवतात. मापाची काठीच हिसकावून घेतात म्हणा ना.

दुसरं नाव डॉ. आंबेडकरांचं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी विश्रांती ही आईवरची मेहेरबानी मानली नाही. ते राष्ट्राचं हित आहे आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. वेगळेपण मान्य, पण त्याची किंमत एकट्या बाईने मोजायची नाही.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलम 'सर्व पुरुष' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होणार होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हटून ते 'सर्व मानव' करायला लावलं.

५. मुली नीतीचा विचारच वेगळ्या रीतीने करतात, हे मानसशास्त्राने सिद्ध केलंय ना?

सिद्ध नाही. बहुतेकांच्या मनात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचं १९८२ चं काम असतं. त्यांचे ज्येष्ठ सहकारी लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक वाढीच्या पायऱ्या ठरवल्या होत्या, त्या ८४ मुलग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून. त्या शिडीवर मुली खालच्या पायरीवर दिसत. गिलिगननी विचारलं, चूक मुलींची की शिडीची?

त्यांचं गाजलेलं उदाहरण असं. हाइन्झची बायको मरणाच्या दारात आहे आणि औषधवाला परवडणार नाही अशी किंमत मागतो. हाइन्झने औषध चोरावं का? अकरा वर्षांचा जेक म्हणतो, चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा. हिशेब संपला. अकरा वर्षांची एमी म्हणते, चोरी केली आणि तो तुरुंगात गेला, तर बायको पुन्हा आजारी पडल्यावर काय? त्यांनी बसून बोलावं, काहीतरी मार्ग काढावा. कोलबर्गच्या मापाने एमी गोंधळलेली. गिलिगनच्या मते ती नात्यांकडे बघून विचार करते, आणि हीही पुरती नीतीच आहे. इथून 'काळजीची नीती' ही विचारधारा उभी राहिली.

पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा मुलगे आणि मुलींमधला फरक लहानच निघाला. म्हणून गिलिगन वाचताना 'बायका अशाच असतात' हे टिपून घेऊ नका. 'नीतीचं माप कोणावरून बेतलं होतं?' हा त्यांचा प्रश्न टिपून घ्या. आमच्या मंडळात एका आजी म्हणाल्या, 'एमीसारखं बोलायला मी सासरी शिकले, माहेरी मी जेकच होते.' त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

६. आपणच 'बाई वेगळी' म्हणत राहिलो तर ते आपल्यावरच उलटणार नाही का?

उलटलेलं आहे. अमेरिकेत सीअर्स या दुकानसाखळीवर तिथल्या समान रोजगार आयोगाने खटला भरला: कमिशनवरची, जास्त कमाईची विक्रीची कामं बायकांना मिळत नाहीत. दोन्ही बाजूंनी स्त्री-इतिहासकार साक्षीला आल्या. रोझलिंड रोझेनबर्ग यांची साक्ष कंपनीच्या बाजूने, की स्त्रियांच्या आवडी आणि घरच्या जबाबदाऱ्या वेगळ्या असतात, तेव्हा आकड्यांतला फरक म्हणजे भेदभावच असं नाही. ॲलिस केसलर-हॅरिस आयोगाच्या बाजूने, की संधी मिळाली तेव्हा बायकांनी सगळ्या तऱ्हेची कामं केली आहेत. १९८६ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. इतिहासाने जपलेलं वेगळेपण कोर्टात पगारातल्या फरकाचं कारण होऊन बसलं. जोन स्कॉट यांचा प्रश्न २ मधला लेख याच खटल्यावरून पेटलेला आहे.

७. चवथीला पुरुष माटोळी बांधतात, बायका नेवऱ्या-पातोळ्या करतात. दोघंही राबतात. यात काय बिघडलं?

राबतात खरे. (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगलेली चौकट.) याला पूरकतेचा युक्तिवाद म्हणतात: कामं वेगळी, मान सारखा. तो लगेच झटकून टाकण्यासारखा नाही. पण तो खरा आहे की नुसता गोड, हे बघायला मी तीन गोष्टी विचारते. अदलाबदल चालते का? मुलाने पातोळ्या थापल्या तर कौतुक होतं, मुलगी माटोळीच्या शिडीवर चढली तर 'उतर खाली' होतं. काम संपतं कधी? माटोळी एकदा बांधली की बांधली, स्वयंपाकघर मात्र विसर्जनापर्यंत पेटलेलं. आणि शेवटची पंगत कोणाची?

अमेरिकी कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन यांनी १९८७ साली हा मुद्दा वेगळ्या जागी नेला. त्यांच्या मते प्रश्न फरकाचा नाहीच, वर्चस्वाचा आहे. आधी एकाच्या हाती सत्ता येते, मग तिच्यासाठी कारण म्हणून फरक दाखवला जातो. पुरुषही बायकांपेक्षा तेवढेच वेगळे असतात, पण त्यांच्या वेगळेपणासाठी कोणाला सवलत मागावी लागत नाही, कारण कामाचे तास, यंत्रांची उंची, नोकरीचं वय, सगळं त्यांच्या अंगाच्या मापानेच शिवलेलं असतं.

मी स्वतः मॅकिननकडे झुकते. पण त्यांच्या लिखाणात बाई कधीकधी नुसती सोसणारी उरते, आणि आमच्या मासळी विकणाऱ्या नुस्तेकान्नी बघितल्या की ते पटत नाही.

८. बायकांच्या संरक्षणासाठी वेगळे कायदे असणं चांगलं की वाईट?

संरक्षण देणाऱ्याच्या मनात कोण आहे, त्यावर. अमेरिकेत १९०५ साली पाव भाजणाऱ्या कामगारांच्या तासांवरची मर्यादा कोर्टाने रद्द केली, कारण पुरुषाला करार करायचं स्वातंत्र्य. (आमच्या पदेरांना, म्हणजे पाववाल्यांना, हे स्वातंत्र्य पहाटे दोनला कसं वाटतं, ते विचारावं.) १९०८ साली धुलाई कारखान्यातल्या बायकांसाठी दहा तासांची मर्यादा मात्र त्याच कोर्टाने उचलून धरली, कारण बाईचं शरीर आणि मातृत्व. बायकांना विश्रांती मिळाली आणि 'दुबळी' हा शिक्काही.

आपल्या संविधानात कलम १५ भेदभावाला मनाई करतं आणि त्याचंच तिसरं उपकलम स्त्रिया व बालकांसाठी विशेष तरतुदीची मुभा देतं. ही मुभा कशीकशी वापरली गेली बघा. व्यभिचाराच्या कलम ४९७ मध्ये बाईला शिक्षा नव्हती. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते याच मुभेखाली वैध ठरवलं. २०१८ साली लक्षात आलं की ही सवलत नव्हेच, त्या कलमात बायको ही नवऱ्याची वस्तू धरलेली होती. कलम रद्द झालं.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा १९८१ चा निकाल आणखी गुंतागुंतीचा. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम न्यायालयाने रद्द केला. पण विमानातल्या पुरुष कर्मचाऱ्यांपेक्षा त्यांचे नियम वेगळे का, तर दोघांचे संवर्गच वेगळे, म्हणून तुलना नको, असं म्हटलं. वेगळेपण आधी कंपनीने तयार केलं, मग तेच तिच्या उपयोगी पडलं. २००७ साली मात्र, मद्य पिण्याच्या जागी बायकांना नोकरीवर ठेवायला मनाई करणारी जुनी तरतूद रद्द करताना न्यायालयाने सरळ सांगितलं, की सुरक्षितता द्यायची तर बाईचं काम काढून घेऊन नव्हे. बार आणि हॉटेलांवर घरं चालणाऱ्या गोव्यात हे वेगळं समजावून सांगायला नको.

९. गृह आधारचे पैसे म्हणजे घरकामाचा पगारच झाला ना?

नाही. गोवा सरकारची ही योजना २०१२ साली आली ती महागाईत घर चालवणाऱ्या गृहिणीला हातभार म्हणून. सध्याच्या महिना १५०० रुपयांना मदत म्हणता येईल, मजुरी नाही. पण प्रश्न नेमक्या नसेवर बोट ठेवतो.

राजकीय विचारवंत कॅरल पेटमन यांनी याला 'वुलस्टनक्राफ्टची कोंडी' असं नाव दिलं आहे. बाईने पुरुषासारखं कमावून नागरिक व्हावं, तर घरातलं काम कोण करणार हा प्रश्न तसाच राहतो. घरातल्या कामालाच नागरिकाचं योगदान माना म्हणावं, तर ती तिथेच अडकते. १९७२ पासून युरोप-अमेरिकेत घरकामाला वेतन मागणारी चळवळ झाली. अँजेला डेव्हिस यांनी तिच्यावर टीका केली, की पैसे दिले म्हणून घरकामाची कटकट आणि बंदिस्तपणा कमी होत नाही.

प्रसूती रजेतही हीच कोंडी दिसते. २०१७ साली ती १२ वरून २६ आठवडे झाली, पण रजेतला पगार मालकावर. मग मुलाखतीत 'लग्न कधी?' हा प्रश्न येतो. आंबेडकरांनी खर्च सरकारवर का टाकायला सांगितला होता, ते इथे कळतं (प्रश्न ४).

अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी सुचवलेली वाट मला सगळ्यांत पटते: बाईचं आयुष्य पुरुषासारखं करू नका, आणि तिला घरी थांबायचे पैसेही देऊ नका. प्रत्येक कामगाराला घरी एखादं मूल किंवा म्हातारं माणूस आहे असं धरूनच नोकऱ्या आखा. मग बायको आणि नवरा दोघांनाही सहा वाजता घरी यावंच लागेल.

१०. पाळीची रजा मागावी की मागू नये? आमच्या ऑफिसात यावर दोन तट पडलेत.

दोन्ही तट बरोबर आहेत. बिहारमध्ये सरकारी कर्मचारी स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात आणि आभाळ कोसळलेलं नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र, सक्ती केली तर मालक बायकांना कामावर घ्यायचं टाळतील, अशी शंका बोलून दाखवत हा धोरणाचा विषय म्हणून सरकारवर सोपवला. ज्या घरांत चार दिवस बाजूला बसवत, तिथून आलेल्या बाईला ही रजा म्हणजे त्याच खोलीचं ऑफिसातलं दार वाटू शकतं. तरी कळा येतात त्या येतातच. मधला मार्ग म्हणजे कारण न विचारता मिळणारी आजारपणाची रजा सगळ्यांनाच वाढवणं. तो महाग पडतो, म्हणून मालकांना आवडत नाही.

११. गोव्यात तर समान नागरी कायदा आहे. इथे हा वाद केव्हाच मिटला, नाही का?

गोवेकराचा हा आवडता अभिमान. त्यात तथ्य आहे, आणि फटीही आहेत.

तथ्य असं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे लागू झाली आणि मुक्तीनंतरही टिकली. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता आणली, आपण जुनीच जपली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि निम्मी निम्मी दोघांची. मुलगा-मुलगी दोघंही वारस, आणि अर्ध्या संपत्तीपलीकडे मृत्युपत्राने त्यांना डावलता येत नाही. आयकरातही इथल्या जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत समान वाटून मोजतात. घर सांभाळणारी बाई नवऱ्याच्या कमाईची अर्धी मालकीण आहे, हे देशात इतरत्र नीट मान्य झालेलं नाही.

आता फटी. त्या संहितेत मालकी दोघांची, पण कारभार नवऱ्याचा. स्थावर मालमत्ता विकायला बायकोची सही लागते, ती 'इथे सही कर' म्हणून घेतलीही जाते. १८८० च्या हिंदू रूढींच्या फर्मानात, बायकोला २५ वर्षांपर्यंत मूलच नाही किंवा ३० पर्यंत मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसरी करायची वाट ठेवलेली आहे. कोमुनिदाद, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था, तिच्या उत्पन्नातला वाटा परंपरेने गावकारांच्या (तिच्या मूळ घराण्यांच्या) पुरुष वंशजांचा. आणि बहिणीला मिळालेला हिस्सा ती भावासाठी नोटरीसमोर सोडून देते, कारण माहेर तुटायला नको.

म्हणजे कागदावर समान वाटा आहे, आणि तो मागणारी मात्र 'वेगळी' वाढवलेली आहे. नुसत्या समानतेच्या बाजूने बघणाऱ्याला ही सही तिचा स्वतंत्र निर्णय वाटेल. मला वाटत नाही.

१२. 'बाईचा अनुभव' म्हणजे कोणत्या बाईचा?

या प्रश्नाने सगळा वाद हलवला. अमेरिकेत काळ्या स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा लावला. कंपनी काळ्यांना घेते (कारखान्यात, पुरुष) आणि बायकांनाही घेते (कचेरीत, गोऱ्या), म्हणजे भेदभाव नाही, असं १९७६ साली कोर्टाने ठरवलं. दोन्ही खणांच्या मध्ये पडलेल्यांना शब्दच नव्हता. १९८९ साली अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी तो दिला. मराठीत त्याला आंतरछेदिता म्हणतात, म्हणजे वंश आणि लिंगभाव यांसारखे भेद एकमेकांना छेदतात ती जागा. आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळं का बोलतात हे मांडलं. १९९८ साली शर्मिला रेगे यांनी त्यात भर घातली, की नुसतं 'आमचा आवाज वेगळा' म्हणून थांबू नका, जात आणि लिंगभाव दोन्हींची रचना त्या जागेवरून तपासा.

गोव्यातलं उदाहरण देवळांच्या आवारातलंच आहे. उच्चवर्णीय घरातल्या बाईला लग्न हा पिंजरा होता, आणि सुधारणा म्हणजे त्यातून बाहेर पडायची वाट. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या कलावंत आणि भाविणींच्या घरांतल्या मुलींना लग्नच नाकारलेलं होतं. तिथल्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवाला वाहण्याची प्रथा मोडून लग्नाचा हक्क मिळवला. एकाच गावात, एकाच काळात, दोन बायकांच्या मुक्तीच्या दिशा उलट होत्या.

१३. समानता मागायची आणि राखीव जागाही मागायच्या, हे कसं?

हा आक्षेप स्त्रियांनीही घेतला होता. संविधान सभेत हंसा मेहता यांनी आम्हाला राखीव जागा नकोत असं ठासून सांगितलं. १९७४ च्या स्त्री-स्थितीवरच्या सरकारी समितीतही बहुमत विधिमंडळातल्या आरक्षणाविरुद्ध होतं. समितीतल्याच विना मजुमदार आणि लतिका सरकार यांनी भिन्न मत नोंदवलं, कारण पंचवीस वर्षांत आपोआप काहीच झालं नव्हतं. पुढे पंचायतींत एक-तृतीयांश जागा आल्या, आणि २०२३ च्या दुरुस्तीने विधानसभा-लोकसभेसाठीही ठरल्या, त्या जनगणना आणि मतदारसंघ-फेररचनेनंतर. शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ गोव्याच्या मुख्यमंत्री होत्या. २०२२ साली चाळीस जणांच्या विधानसभेत निवडून आलेल्या स्त्रिया तीन.

१४. लिंगं दोनच नसतील तर हा वाद उरतो का?

त्याच रूपात उरत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जुडिथ बटलर यांनी १९९० साली म्हटलं, की 'स्त्री' ही ठोस गोष्ट नसून रोज केली जाणारी कृती आहे. २०१४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख मान्य केली. पण गरोदरपण, पगार, हिंसा यांचे हिशेब तोवर थांबत नाहीत, त्यामुळे बाकीचे प्रश्न कामाचेच राहतात.

१५. धालोच्या मांडावर बायकाच खेळतात, पुरुषांना जागा नाही. हा उलटा भेदभाव नव्हे का?

हा एका मागे बसलेल्या नवऱ्याचा प्रश्न. धालो हा बायकांचा खेळ, आणि मांड म्हणजे त्यासाठी ठरलेलं अंगण. पौषातल्या त्या रात्री बायका दोन ओळी करून नाचतात, गातात, शेवटच्या दिवशी सोंगं घेतात. प्रश्न ७ मधली मॅकिनन यांची वर्चस्वाची कसोटी इथे लावा. मांडावर न खेळल्याने पुरुषाचं पोट, जमीन, मत, सही यांतलं काही कमी होतं का? नाही. वर्चस्व नसलेलं वेगळेपण दिसायला दुर्मीळ आहे, आणि धालो त्यातलं एक असावं असं मला वाटतं. मांडाची जागा आणि सारवणं-सजवणं यांचे निर्णय कोण घेतं, हे मात्र गावागावांत वेगळं आहे. त्या गृहस्थांना मी तेवढं आपल्या गावी विचारून यायला सांगितलं आहे.